बाबांच्या लहान मेंदूला स्ट्रोक, ताकद आहे पण हात जागेवर जात नाही. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

बाबा ६४ वर्षांचे. पाच आठवड्यांपूर्वी सकाळी उठले आणि एकदम गरगरायला लागलं, उलट्या झाल्या, आम्हाला वाटलं पित्त असेल म्हणून लिंबूपाणी देऊन झोपवलं, दुपारी बसताही येईना तेव्हा दवाखान्यात नेलं तर सीटी स्कॅन नॉर्मल म्हणून घरी पाठवलं, आणि दुसऱ्या दिवशी एमआरआय केला तेव्हा कळलं की लहान मेंदूत डाव्या बाजूला स्ट्रोक झालाय. मोठ्या मेंदूत डावीकडे झालं की उजवी बाजू जाते ना, इथे तसं नाही म्हणे, डावीकडे झालं की डावीच बाजू बिघडते. आणि बाबा नेमके डावखुरे.

ताकद पूर्ण आहे, माझा हात दाबतात तर कळ येते. पण चहाच्या कपाकडे हात नेला की तो कपाच्या पुढेच जातो, मग मागे येतो, आणि कप जवळ येईल तशी थरथर वाढते. हात मांडीवर ठेवला की शांत. चालताना पाय फाकवून झोकांड्या खात चालतात, बोलणंही अडखळत, त्यामुळे परवा बिल्डिंगमधल्या एकाने आईला विचारलं, "हल्ली घेतात का?" आई रात्रभर रडत होती. काका म्हणतात ताकद आहे ना, मग जिद्द कर. बाबा एवढंच म्हणाले, "आधी हात आपोआप जायचा, आता प्रत्येक वेळी त्याला सांगावं लागतं."

हे सुधारतं का? घरी काय करून घेऊ?

प्रतिसाद १
ताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे. बाबा बोलले ते अगदी बरोबर आहे आणि ते काकांना वाचून दाखवा. हुकूम मोठा मेंदू देतो, हात कुठवर गेला, किती जोर लावायचा, कुठे थांबायचं ही दुरुस्ती लहान मेंदू करतो, ती बिघडली की जिद्दीने भागत नाही. पहिल्या महायुद्धात डोक्याला मागून गोळी लागलेल्या सैनिकांमध्ये गॉर्डन होम्स या ब्रिटिश डॉक्टरांनी हेच नोंदवलं होतं.

सुधारतं, पहिल्या काही महिन्यांत जास्त आणि नंतरही हळूहळू. कोपर टेबलावर टेकवून कप धरू द्या, जरा जड स्टीलचा पेला द्या, अर्धाच भरा. चालताना डाव्या बाजूला कोणीतरी असू द्या, सैल चप्पल नको. रोज थोडं थोडं पण तेच तेच करून घ्या, दमले की थांबा. पाणी पिताना ठसका लागतो का? लागत असेल तर गिळण्याची तपासणी आधी करा. परत उलट्या, जोराची डोकेदुखी किंवा गुंगी आली तर वाट न बघता हॉस्पिटल.

धागाकर्ती
ठसका लागतो हो, आम्ही घाईने पितात म्हणून ओरडत होतो त्यांना. उद्या सकाळीच डॉक्टरांना फोन करते.