कवीला डिटेक्टिव्ह करायचं झालं तर नाशिकचा कोण?

गोदाकाठी
मॅथ्यू पर्लची 'द दान्ते क्लब' (२००३) वाचून संपवली. १८६५ चं बोस्टन. कवी लाँगफेलो आणि त्याचे मित्र दान्तेच्या महाकाव्याच्या भाषांतरावर बसलेत आणि गावात दान्तेच्या नरकातल्या शिक्षांसारखे खून पडायला लागतात. दान्ते वाचलेली माणसं मोजकीच, म्हणून तपास कवींच्या गळ्यात. कवीला जे येतं त्यावरच तपास चालतो, हे मला पटलं. नाहीतर कवीच्या जागी वैद्य बसवा नाहीतर वकील, काय फरक पडतो?

मराठीत हे करायचं तर माझं मत कवी गोविंदांना. गोविंद त्र्यंबक दरेकर, १८७४ ते १९२६, आपल्या नाशिकचे. पायांनी अधू. आधी लावण्या रचायचे, मग मित्रमेळ्यात, म्हणजे सावरकरांच्या क्रांतिकारक मंडळात आले आणि स्वातंत्र्याची गाणी लिहू लागले. तिळभांडेश्वर गल्लीत एका जागी बसलेला डिटेक्टिव्ह, बातम्या त्याच्याकडे चालत येतात.

काळ १९०९. जूनमध्ये गाणी छापली म्हणून बाबाराव सावरकरांना काळं पाणी. २१ डिसेंबरला विजयानंद थिएटरात 'शारदा'च्या प्रयोगाला कलेक्टर जॅक्सनचा खून. मधले सहा महिने लेखकाला मोकळे. मेळ्यातलं पोलिसांपर्यंत कोण पोचवतंय, एवढा एकच प्रश्न. कसं वाटतं?

शंकेखोर
मोकळे कुठले? त्या खटल्यांचे कागद आहेत, जबान्या आहेत. कोण फुटला, कोण माफीचा साक्षीदार झाला, सगळं नावानिशी नोंदलेलं. त्यांचे नातू-पणतू असतीलच की कुठेतरी. तुम्ही काल्पनिक खबऱ्या घातलात तरी वाचणारा खऱ्यांपैकीच कोणाशी तरी त्याची सांगड घालणार. आपल्याकडे लोक कादंबरी वाचून इतिहास सांगतात, वर भांडतातही. या शहरात तर जास्तच.

दुसरं, रहस्यकथेत शेवटी गुन्हेगार पोलिसांच्या हवाली करायचा असतो. इथे पोलीसच समोरच्या बाजूला. गोविंद शोध लावून सांगणार कोणाला?

गोदाकाठी
मजा तिथेच आहे ना! शोध लागला तरी गप्प बसावं लागणारा डिटेक्टिव्ह. शिवाय ज्याच्यावर पाळत, तोच तपास करतोय. पाइप ओढत खोलीभर फेऱ्या मारणारे हुशार साहेब खूप झाले.

मेनरोडचा
कुसुमाग्रज का नको? १९३६ मध्ये 'सती सुलोचना'ची पटकथा लिहिली, त्यात लक्ष्मणाचं कामही केलं. विशी-पंचविशीतला तरुण, सिनेमाचा सेट, रात्रीचं शूटिंग, एक खून. धडाधड खपेल.

सावानाची सभासद
मेनरोडचा, हे नको हं. तात्यासाहेब १९९९ साली गेले. त्यांच्या घरी जाऊन चहा पिऊन आलेली माणसं अजून गावात आहेत, मीही त्यातली. त्यांच्या तोंडी कोणी 'खुनी याच खोलीत आहे' घातलं तर मी पुस्तक तिथेच मिटेन. शंभर वर्षं उलटलेला माणूस घ्या, त्याच्याशी खेळायला थोडी जागा असते. गोविंद चालतील मला, पण त्यांच्या अधूपणाचं भांडवल करू नका. अपंग माणूस म्हणजे बुद्धी दुप्पट, हे गणित फार जुनं झालंय.

मेनरोडचा
बरं, तात्यासाहेब राहू दे. मग बालकवी? १९१८ मध्ये भादलीजवळ रेल्वेखाली गेले. त्याचाच तपास.

सावानाची सभासद
तो अपघात. त्यात खून शोधणं म्हणजे गेलेल्या माणसाची थट्टा. शिवाय भादली जळगावकडची, आपण नाशिकचं बोलतोय.

शंकेखोर
मूळ प्रश्न अजून तसाच आहे, गोदाकाठी. कवीला जे येतं त्यावर तपास, असं तुम्हीच म्हणालात. गोविंदांना यमकं येत होती. यमकाने खबऱ्या सापडतो कसा, तेवढं सांगा. नाहीतर तुमचेही वैद्य-वकीलच.

गोदाकाठी
सांगतो. एक नवं गाणं, अजून छापलेलं नाही. गोविंद ते चौघांना देतात, प्रत्येकाला एका कडव्यात एक शब्द वेगळा. आठवड्याने पोलिसांच्या हाती त्याची नक्कल पडते. त्यातला शब्द ज्याचा, तो माणूस.

शंकेखोर
कागदावर झकास. पण गाणं काय तिजोरीत ठेवतात? ते म्हणतात. एकाने म्हटलं, दुसऱ्याने उचललं, तिसऱ्याने आपल्या सोयीने शब्द फिरवला. गणपतीच्या मेळ्यात एकदा पोरांच्या तोंडी बसलं की चार दिवसांत तुमचे चार शब्द चाळीस होतील. पुरावा गोदावरीत!

लघुगुरू
शंकेखोर, मी तबल्याला बसतो म्हणून बोलतो. गाणारा शब्द फिरवतो हे खरं, पण मात्रा सोडत नाही. चालीत बसलं नाही तर जीभच अडखळते, मग तो आपोआप काहीतरी भरतो. 'रे' घालतो, 'हो' घालतो, स्वर लांबवतो. घाईत कागदावरून उतरवणाऱ्याचं उलटं. तो म्हणत नसतो, म्हणून त्याचं एखादं अक्षर गळतं आणि त्याला पत्ताही लागत नाही.

म्हणजे पोलिसांच्या नकलेत शब्द बदललेला पण मात्रा शाबूत, तर ते ऐकून गेलंय आणि संशय अख्ख्या गल्लीवर. शब्द जसेच्या तसे पण एका ओळीत मात्रा कमी, तर ते वाचून गेलंय. मग ज्यांच्या हातात कागद होता तेवढेच उरतात. हे फौजदाराला कळणार नाही. लावण्या रचलेल्या माणसाला पहिल्यांदा म्हणतानाच कळेल.

गोदाकाठी
व्वा! लघुगुरू, हे मी चोरणार.

शंकेखोर
हे पटलं, निम्मं. पोलिसांची नक्कल गोविंदांच्या हाती येणार कशी? आणि वर कारवाईसाठी जायची ती इंग्रजी होऊन. मुंबई सरकारचं ओरिएंटल ट्रान्सलेटरचं ऑफिस याच कामाला होतं. इंग्रजीत तुमची मात्रा कुठे शोधणार?

लघुगुरू
इंग्रजी होण्याआधी मराठी नक्कल नाशिकच्याच कचेरीतल्या कोणा मराठी कारकुनाच्या टेबलावरून जाणार. त्याला एखादी ओळ पाठ राहिली, तो घरी गुणगुणला आणि एका जागी अडखळला, की झालं.

शंकेखोर
मग तो कारकून आधी लिहा. मला गोविंदांपेक्षा त्याच्यातच जास्त कादंबरी दिसायला लागलीय.