मदत हवी आहे : 'गुलामगिरी'च्या पहिल्या आवृत्तीतील अर्पणपत्रिकेची प्रत

अमेरिकेतील आमच्या विद्यापीठात फेब्रुवारीतील कृष्णवर्णीय इतिहास महिन्यानिमित्त तेथील कृष्णवर्णीय विद्यार्थी संघटना प्रदर्शन भरवत असून, त्यातील एक फलक तिने आम्हा मराठी विद्यार्थ्यांकडे सोपवला आहे. गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांच्या सन्मानार्थ जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हा ग्रंथ त्यांना अर्पण केला, हा फलकाचा विषय आहे.

आयोजकांची अट एकच, पण रास्त आहे : मूळ कागदपत्रे दाखवायची, सुभाषिते नव्हेत. डॉ. आंबेडकर आणि कृष्णवर्णीय अमेरिकी विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यु बॉइस यांचा १९४६ मधील पत्रव्यवहार मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या संग्रहातून मिळाला. अर्पणपत्रिकेपाशी मात्र घोडे अडले आहे. फुले यांच्या समग्र वाङ्मयात मजकूर आहे, परंतु तो नव्याने जुळवलेला; आम्हाला आंतरजालावर सापडलेल्या छायाप्रती इतक्या पुसट आहेत की मोठ्या केल्यावर वेलांट्याही उरत नाहीत. फलक २४ बाय ३६ इंचांचा असून जानेवारीअखेर छपाईला जाईल. शुल्क भरण्याची तयारी आहे, प्रत्यक्ष येणे शक्य नाही.

पुण्या-मुंबईतील कोणत्या ग्रंथालयात १८७३ ची प्रत आपण स्वतः पाहिली आहे, आणि परदेशातून ईमेलने अर्ज केल्यास त्या पानाची छपाईयोग्य प्रत व ती प्रदर्शित करण्याची परवानगी तेथे कोणाकडे मागावी?