मदत हवी आहे: चिमण्यांचे दाणे कबुतरंच संपवतात

वर्षा_पाथर्डीफाटा
कोणीतरी लवकर सांगा, फार वैताग आलाय. चिमण्यांसाठी दाणे ठेवते, पण चिमण्यांच्या वाट्याला काही उरतच नाही. सकाळी दाणे घातले की आधी कबुतरं उतरतात, मागोमाग साळुंक्या, आणि हल्ली पोपटही यायला लागलेत. चिमण्या तारेवर ताटकळत बसतात. एखादी धीर करून कडेला उतरली तर कबुतर पंखाचा फटका मारून तिला उडवून लावतं. मी हाकलायला गेले की चिमण्याच पळतात, कबुतरं ढिम्म. प्लास्टिकचं घुबड ठेवलं, तर त्याच्या डोक्यावर साळुंकी बसली. खात्रीचा उपाय सांगा. कुणाला इजा होईल असं काही नको.

गोदाकाठ
वर्षाताई, दाणे कसले? कशात ठेवता? गच्ची, बाल्कनी की अंगण? एवढं कळल्याशिवाय काय सांगणार?

समीर_सिडको
जुन्या सीडी दोऱ्याने टांगा. आमच्या बाल्कनीत कबूतर फिरकत नाही.

निफाडचा_बागायतदार
सीडीचं सांगू नका हो. द्राक्षं भरायला लागली की आम्ही चकचकीत फिती लावतो. सुरुवातीला पाखरं बिचकतात, मग त्याच फितीखाली बसून मणी फोडतात. बुलबुल, साळुंकी, पोपट, सगळे. शेवटी जाळीच टाकावी लागते. आणि सीडीला चिमणी आधी घाबरेल, कबूतर नंतर.

समीर_सिडको
माझा अनुभव सांगितला. बागेचं वेगळं, बाल्कनीचं वेगळं.

अनघा_कॉलेजरोड
चिमण्यांसाठी लाकडी घरटं लावा. भोक ३२ मिलिमीटरचं ठेवा, म्हणजे चिमणी आत जाते आणि साळुंकीला शिरता येत नाही. भोकाखाली बसायला दांडी नको. घरट्याचं तोंड उन्हाकडे नको.

वर्षा_पाथर्डीफाटा
घरट्याचं नाही विचारलं हो, दाण्यांचं विचारलंय.
@गोदाकाठ, रो हाउस आहे, पुढे छोटं अंगण. परात कंपाउंडच्या भिंतीवर असते. गहू, उरलेला भात, कधी पोळीचा चुरा.

देशपांडेकाका
दाणे घालणं बंद करा, प्रश्न मिटला. रोज आयतं मिळालं की कबुतरं वाढतात. त्यांच्या विष्ठेच्या धुळीने फुप्फुसांचा ॲलर्जीचा आजार होतो. २०२५ मध्ये मुंबईत दादरच्या कबुतरखान्यावरून केवढं रण माजलं, हायकोर्टापर्यंत गेलं. आपल्या नाशकात तेच हवंय का?

अनघा_कॉलेजरोड
काका, कबुतरांपायी चिमण्यांना उपाशी ठेवायचं? जागतिक चिमणी दिवस नाशिकच्याच मोहम्मद दिलावर यांच्या पुढाकाराने २०१० पासून २० मार्चला पाळला जातो. आपल्याच गावात हे बोलावं?

देशपांडेकाका
दिवस पाळून पोट भरत नाही, अनघाताई. चिमणी पिल्लांना अळ्या-किडे भरवते, तुमचा गहू नाही. अंगणात फरशी घालायची, झाडांवर औषध मारायचं आणि वर परातभर दाणे ठेवायचे, याला अर्थ नाही. मेंदी, जास्वंद, कढीपत्ता दाट वाढू द्या. तो खरा उपाय.

रोहित४२२
पोपट येतात? भारीच. एखादा धरून पाळता येईल का? घरी मुलगी मागे लागलीय.

गोदाकाठ
रोहितदादा, नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने आपले पोपट धरणं, विकणं, पाळणं, सगळंच गुन्हा आहे.

वर्षाताई, आता मुद्द्याचं. चिमणी खाताना नीट बघा. ती दाणा चोचीत घोळवते, साल बाजूला पाडते, मग गिळते. कबूतर सोलत बसत नाही, अख्खा दाणा गिळून गळ्याच्या पिशवीत साठवतं. उघड्या परातीत चिमणी जिंकणं शक्यच नाही, मग कितीही दाणे घाला. भात-पोळीने साळुंक्या आणि कावळे येतात, तेही थांबवा. पोपटांचा दरारा वेगळाच. लंडनमध्ये आपल्याकडचेच कंठवाले पोपट पसरलेत आणि ते जवळ असले की तिथले छोटे पक्षी दाण्यांवर कमी येतात, असं अभ्यासात दिसलंय.

वेल्डमेश म्हणजे ताठ तारेच्या चौकटी जाळीचा चौकोनी पिंजरा करून घ्या, गाळा (जाळीचं भोक) दीड इंची, म्हणजे चिमणी आत शिरेल, कबूतर-साळुंकी बाहेरच राहील. ताटली मधोमध, चारी बाजूंनी जाळीपासून वीतभर आत. ताटली जाळीला टेकवली तर कबूतर बाहेरून मान घालून खातं. बाजरी, राळा, तांदळाच्या कण्या घाला, तेही सकाळपुरतेच. बाजरी कबुतरंही आवडीने खातात, त्यामुळे नुसतं धान्य बदलून भागणार नाही. ताटली रोज घासा, एकाच भांड्यावर गर्दी झाली की रोग पसरतो. आसपास कुणी कबुतरांना दाणे टाकतं का?

वर्षा_पाथर्डीफाटा
शेजारचे आजोबा समोरच्या मोकळ्या प्लॉटवर रोज ज्वारी टाकतात. त्याचा इथे काय संबंध?

गोदाकाठ
अहो, सगळा संबंध त्याचाच! थवा तिथे जमतो आणि तिथून तुमची भिंत दिसते. पिंजरा भिंतीवर नको, घराच्या मागच्या बाजूला टांगा.

देशपांडेकाका
आणि आजोबांशी बोला.

वर्षा_पाथर्डीफाटा
काका, त्यांच्या आई हे करायच्या, म्हणून ते करतात. त्यांना थांबवायला माझी जीभ रेटत नाही. मागे टांगते. पण इथल्या दुकानात दीड इंची जाळी नाही, दोन इंची आहे. चालेल?

निफाडचा_बागायतदार
ताई, दोन इंचीत कबूतर अडेल, साळुंकी शिरेल. दुकानदाराला दीड इंची मागवायला सांगा.

समीर_सिडको
तोवर सीडी लावून बघा.