मैदानी खेळांच्या प्रशिक्षकासाठी एनआयएसचा सहा आठवड्यांचा अभ्यासक्रम पुरेसा आहे का?

माणदेशी_धावक
नमस्कार. महाविद्यालयात असताना मी ८०० मीटर धावत असे आणि विद्यापीठाच्या संघातून आंतरविद्यापीठ स्पर्धेत उतरलो आहे. सध्या सातारा जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत मानधनावर मुलामुलींचा सराव घेतो. पुढील वर्षापासून प्रशिक्षकाकडे ‘मान्यताप्राप्त प्रमाणपत्र’ असलेच पाहिजे, असे शाळेच्या संस्थेने कळवले आहे. मात्र कोणते, याचा पत्रात उल्लेख नाही. एनआयएसचा (पतियाळ्याच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा) सहा आठवड्यांचा अभ्यासक्रम, तिथलीच पदविका आणि बी.पी.एड. यांपैकी काय करावे? वर्षभर घर सोडून राहणे मला शक्य नाही.

जुना_पंच
या तिन्हींची आपसात तुलना होत नाही, हे आधी लक्षात घ्यावे. बी.पी.एड. ही दोन वर्षांची पदवी शारीरिक शिक्षणाचा शिक्षक तयार करते; शाळेत शिक्षक म्हणून कायम नेमणूक हवी असेल तर तिचा विचार करावा. पदविका मात्र एकाच खेळाचा प्रशिक्षक घडवते. पतियाळ्याच्या जुन्या मोतीबाग राजवाड्यात १९६१ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा तो मुख्य अभ्यासक्रम असून, त्यात मैदानावरील कामाबरोबर शरीररचना, शरीरक्रियाशास्त्र, जैवयांत्रिकी आणि क्रीडा मानसशास्त्रही शिकावे लागते. शासकीय प्रशिक्षकपदांच्या जाहिरातींत सहसा विचारणा होते ती या पदविकेची. सहा आठवड्यांचे प्रमाणपत्र तिच्या जागी चालत नाही. शाळेतील मानधनाच्या कामाला मात्र ते बहुधा पुरते. तरीही पैसे भरण्यापूर्वी शाळेच्या संस्थेकडून अपेक्षित अर्हता लेखी मागून घ्यावी. ‘मान्यताप्राप्त’ एवढ्या एका शब्दावर कोणी सुट्टी खर्च करू नये.

तिसरे_पाऊल
कागदाचा प्रश्न वर सुटला आहे. मी त्या सहा आठवड्यांत मिळते काय, त्याबद्दल लिहितो.

पळालेल्या माणसाला पळण्याचे ज्ञान असते, परंतु शाळेतील प्रशिक्षकाकडे गोळा, उडी, अडथळे असे सगळेच येते आणि त्याची खरी अडचण तिथे सुरू होते. अनेक शाळांत एकच गोळा असतो, तोही पुरुषांचा ७.२६ किलोचा. अठरा वर्षांखालील मुलांचा गोळा ५ किलोचा आणि मुलींचा ३ किलोचा असताना चौदा वर्षांच्या मुलाच्या हाती हा पुरुषांचा गोळा दिला की त्याचे कोपर खाली येते, गोळा मानेपासून सुटतो आणि ढकलण्याऐवजी फेकला जातो. ही सवय पुढे मोडता मोडत नाही. अडथळ्यांचेही तसेच. ११० मीटरच्या शर्यतीत दोन अडथळ्यांमधील अंतर ९.१४ मीटर असते आणि ते तीन पावलांत कापायचे असते. लहान मुलाला ते जमत नाही म्हणून तो पाच पावले टाकतो, अडथळ्यापाशी थबकतो आणि उडी मारून पलीकडे जातो. अशा वेळी मुलाला ओरडण्यात अर्थ नसतो. अडथळे बुटके करून जवळ आणावेत, म्हणजे तीन पावलांची लय आपोआप बसते. साधन मुलाच्या वयाला जुळवून घ्यायचे, हे चांगल्या अभ्यासक्रमात हाताला धरून शिकवले जाते आणि गट समोर उभा करून पाठही घ्यावा लागतो. माझ्या मते, अभ्यासक्रमाचा सर्वांत उपयोगी भाग हाच आहे, कारण तिथे आपल्या सूचना मुलांना कळतात की नाही, हे लगेच उघडे पडते.

डावी_विंग
फुटबॉलमध्ये हा गोंधळ पुष्कळ कमी आहे. आशियाई महासंघाचे डी, सी, बी, ए आणि प्रो असे चढत्या क्रमाचे परवाने असल्यामुळे कोणत्या संघासाठी कोणता परवाना लागतो, हे क्लबलाही ठाऊक असते. मैदानी खेळांतही शाळांनी अशी पातळी ठरवून जाहिरात दिली, तर उमेदवारांची निम्मी धावपळ वाचेल.

माणदेशी_धावक
सविस्तर उत्तरांबद्दल आभार. संस्थेला आजच पत्र देतो. सहा आठवड्यांच्या प्रवेशासाठी आंतरविद्यापीठ सहभाग धरला जातो का? माझे मूळ प्रमाणपत्र सापडत नाही.

जुना_पंच
स्पर्धेतील सहभागाचा दाखला प्रवेशाच्या वेळी महत्त्वाचा असतो. कोणत्या पातळीचा सहभाग लागेल, ते त्या वर्षीच्या अधिसूचनेत पाहून घ्यावे. प्रमाणपत्राच्या दुय्यम प्रतीसाठी विद्यापीठाच्या क्रीडा विभागाकडे स्पर्धेचे वर्ष आणि ठिकाण लिहून अर्ज करावा. महाविद्यालयाच्या जिमखान्यात संघाच्या यादीची प्रत असेल, तर तीही जोडावी. हे काम अधिसूचना निघण्याच्या आधीच उरकून घ्यावे, कारण दुय्यम प्रत हाती यायला वेळ लागतो आणि अर्जाची मुदत त्यासाठी थांबत नाही.