खालची अक्कलदाढ आडवी आहे, नस जवळ आहे. कणकवलीत काढू की मुंबईला जाऊ?

सड्यावरची

मंडळी नमस्कार. मी देवगड तालुक्यात, मिठबावच्या बाजूला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. वय 34. पहिली-दुसरीचा वर्ग आहे, त्यामुळे सकाळपासून संध्याकाळपर्यंत बोलणं थांबत नाही.

उजवीकडची खालची अक्कलदाढ अर्धी वर आली आहे, अर्धी हिरडीखाली आहे. श्रावणात पहिल्यांदा सुजली, गणपतीनंतर पुन्हा. दोन्ही वेळा तोंडात दोन बोटंही जाईनात आणि आवंढा गिळला की कानापर्यंत कळ. देवगडच्या डॉक्टरांनी हिरडीच्या आतून औषधाने धुऊन दिलं, गोळ्या दिल्या, सूज उतरली. मग कणकवलीहून ओपीजी, म्हणजे पूर्ण जबड्याचा एक्स-रे, काढून आणायला सांगितला. तो बघून म्हणाले, दाढ पुढच्या दाढेवर रेलली आहे आणि मुळाचं टोक जबड्यातल्या नसेच्या नळीला टेकल्यासारखं दिसतंय. "ही मी काढणार नाही, सर्जनकडूनच काढून घ्या," असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. त्यांच्याबद्दलचा विश्वास त्यामुळे वाढलाच.

आता घरात प्रत्येकाचं मत वेगळं. कणकवलीच्या एका दवाखान्यात ठरलेल्या वारी जबड्याचे सर्जन येतात, मिस्टरांचं म्हणणं तिथे करू. भाऊ डोंबिवलीला असतो, तो म्हणतो मुंबईत ये, नायरच्या डेंटल कॉलेजात दाखवू. शाळेतल्या बाई गोव्यातल्या बांबोळीच्या डेंटल कॉलेजचं नाव घेतात, त्यांच्या गावचे लोक तिकडे जातात. आणि सासूबाई रोज सकाळी एकदा तरी म्हणतात, "गो, दाढ काढू नको, डोळे जातले." त्या काळजीने बोलतात, त्यांना नुसतं "काही होत नाही" म्हणून गप्प करणं मला बरं वाटत नाही. त्यांना पटेल असं काहीतरी सांगायला हवं आहे.

माझी खरी भीती नसेची आहे. नसेला धक्का लागला तर खालचा ओठ आणि हनुवटी बधिर होऊ शकते, असं डॉक्टर म्हणाले. मी मुलांना प, फ, ब, भ शिकवते. मुलं माझ्या ओठांकडे बघून अक्षर उच्चारतात. ओठच हलला नाही तर?

शिवाय हे आत्ताच करावं की दिवाळीच्या सुट्टीत? मधे नवरात्र आहे, माझा नऊ दिवस उपास असतो. ज्यांनी काढली आहे त्यांनी खरं काय होतं ते सांगा. भीती घालणारं असलं तरी चालेल, पण खरं सांगा.

खाडीकाठ

ताई, नसेबद्दल कुणी जाणकार लिहितीलच. मी तुम्हाला तिसऱ्या-चौथ्या दिवसाबद्दल सांगते, कारण दाढ कुठे काढावी याचं उत्तर माझ्या मते त्या दिवसात आहे.

माझे मिस्टर आचऱ्याला तांडेल आहेत. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, त्या काळात दाढ काढून घ्यायची असं त्यांनी ठरवलं आणि मोठ्या दिरांकडे मुंबईला गेले. काम उत्तम झालं. टाके व्यवस्थित, रक्त लगेच थांबलं, सूजही बेताची. बरं वाटतंय म्हणून दुसऱ्या रात्रीच्या गाडीने कुडाळला उतरले. घरी आल्यावर कळ सुरू झाली. सूज उतरत होती आणि दुखणं चढत होतं. कान, कानशील, सगळी बाजू ठणकत होती, तोंडाला घाण वास येत होता, गोळी घेतली तरी तासाभरात परत तेच. मुंबईच्या डॉक्टरांना फोन केला तर ते म्हणाले, बघितल्याशिवाय सांगता येणार नाही, जवळ कुणाला तरी दाखवा. बरोबरच बोलले ते. कुडाळच्या डॉक्टरांनी आरशात दाखवलं. दाढेच्या जागी रक्ताची गाठ धरायला हवी होती ती निघून गेली होती आणि खड्ड्यात उघडं हाड दिसत होतं. ड्राय सॉकेट म्हणतात याला. त्यांनी खड्डा धुतला आणि लवंगेच्या तेलाचा वास येणारी पट्टी आत बसवली. खुर्चीतून उठेपर्यंत दुखणं अर्ध्यावर आलं. पट्टी बदलायला मात्र परत परत जावं लागलं, आणि कुडाळ होतं म्हणून जमलं.

हे सगळ्यांना होत नाही. माझी दाढ नंतर कुडाळलाच काढली, मला काहीही झालं नाही. पण झालं तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी होतं, आणि त्या दिवशी तुमच्या तोंडात बघणारा माणूस एसटीच्या अंतरावर हवा. मुंबईला जायचंच असेल तर टाके निघेपर्यंत भावाकडे राहा. आज काढली आणि उद्या तुतारी एक्सप्रेस पकडली, असं करू नका.

खाण्याचं सांगते. पहिल्या दिवशी गार किंवा कोमट. मी उकड्या तांदळाची पेज गाळून निवळ प्यायले, कारण भाताची कणी खड्ड्यात अडकली तर काढता येत नाही. मग नाचणीचं आंबील, मऊ भात-तूप, कुळथाची पिठी मिरचीशिवाय. सोलकढीत लसूण-मिरची घालू नका, झोंबते. शहाळं प्या, पण नळीने नाही, पेल्यात ओतून. ओढून प्यायलं की गाठ सुटते. थुंकायचंही नाही, लाळ गिळायची किंवा हळूच ओघळू द्यायची. मासे खात असाल तर पेडवे-तारले काही दिवस विसरा. आणि तुमचा बेत दिवाळीचा दिसतोय म्हणून आधीच सांगते, चिवडा आणि चकली डब्यातच राहू द्या. पोह्याचा तुकडा खड्ड्यात गेला की फार छळतो.

दातांचा डॉक्टर, चिपळूण

नमस्कार. मी सर्जन नाही, साधी दंतचिकित्सा करतो. अशा दाढा मीही पुढे पाठवतो, त्यामुळे तुमच्या डॉक्टरांनी केलं ते योग्यच आहे. एक्स-रे न बघता तुमच्या दाढेवर मत देत नाही, पण तुमच्या शंकांबद्दल लिहितो.

आधी ओठाचं. खालच्या जबड्याच्या हाडातून जी नस जाते ती फक्त संवेदनेची आहे. ओठ हलवणारी नस वेगळी, ती चेहऱ्याच्या बाजूने येते आणि या शस्त्रक्रियेच्या वाटेत नसते. म्हणजे जबड्यातल्या नसेला धक्का लागला तर ओठ आणि हनुवटीचा भाग बधिर होईल, मुंग्या येतील, पण ओठ मिटेल, उघडेल, प आणि फ उमटतील. चेहरा वाकडा होत नाही. बहुतेकांची संवेदना काही आठवड्यांत ते काही महिन्यांत परत येते. कायमची जाण्याचं प्रमाण फार कमी आहे, पण शून्य नाही. हे सर्जनने तुम्हाला आधी सांगायला हवं, आणि सांगितलं नाही तर तुम्ही विचारा. जिभेच्या बाजूला आणखी एक नस असते, तिच्याबद्दलही विचारा.

ओपीजी हे सपाट चित्र आहे. त्यात मूळ आणि नळी एकावर एक दिसली तरी प्रत्यक्षात एक पुढे, एक मागे असू शकतं. म्हणून मूळ टेकल्यासारखं दिसलं की सीबीसीटी नावाचा स्कॅन करतात, त्यात तिन्ही बाजूंनी कळतं. नस खरोखर मुळाला चिकटलेली निघाली तर दाढेचा फक्त वरचा भाग कापून काढायचा आणि मुळं जागेवरच ठेवायची, असाही एक मार्ग आहे. त्याला करोनेक्टॉमी म्हणतात. प्रत्येकाला तो लागू पडत नाही, दाढ किडलेली असेल किंवा मुळं हलत असतील तर नाही. पण तुमच्या सर्जनना विचारण्यासारखा प्रश्न आहे.

काढायलाच हवी का, हे तुम्ही विचारलं नाहीत, तरी लिहितो. ब्रिटनमधल्या नाइस या आरोग्यविषयक सूचना काढणाऱ्या संस्थेने 2000 साली सूचना काढली की, काहीही त्रास न देणारी अडकलेली अक्कलदाढ केवळ खबरदारी म्हणून काढू नये. त्यातच असं आहे की, हिरडी पहिल्यांदा सुजली आणि फार तीव्र नसेल तर थांबावं, दुसऱ्यांदा सुजली तर काढण्याचा विचार करावा. तुमची दुसऱ्यांदा सुजली आहे. आणि आडवी दाढ पुढच्या चांगल्या दाढेला टेकून तिथे अन्न साठवते, ती चांगली दाढ मागून किडते आणि बाहेरून दिसतही नाही. माझ्या दवाखान्यात मला सर्वात वाईट हेच वाटतं, की एक नको असलेली दाढ सांभाळता सांभाळता कामाची दाढ गेलेली असते.

वेळ. सूज असताना काढत नाहीत, कारण तोंड उघडत नाही आणि इंजेक्शनही नीट लागू पडत नाही. आता शांत आहे तर हीच वेळ. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत थांबायला हरकत नाही, तोवर कोमट मिठाच्या पाण्याने गुळण्या करा आणि तिथे मऊ ब्रश फिरवा, दुखेल म्हणून ती जागा टाळू नका. परत सुजली, ताप आला, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला तर सुट्टीची वाट बघू नका, त्याच दिवशी दवाखाना. नवरात्रात काढू नका. दाढ काढल्यावर दुखण्यासाठी देतात त्या गोळ्या उपाशीपोटी घेतल्या तर पित्त उसळतं.

काढल्यावर कापसाचा बोळा सांगितला तेवढा वेळ घट्ट दाबून धरायचा, सारखा उचलून बघायचा नाही. पहिल्या दिवशी बाहेरून बर्फ. गुळण्या चोवीस तासांनंतरच, तेही पाणी नुसतं तोंडात घोळवायचं आणि सोडून द्यायचं. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वात जास्त असते, तेव्हा घाबरू नका. तिसऱ्या दिवसानंतर वाढत गेली तर दाखवा. मिश्री, तंबाखू, सिगारेट कुणीही लावत-ओढत असेल तर निदान आठवडाभर पूर्ण बंद, ड्राय सॉकेटचं ते मोठं कारण आहे. मधुमेह किंवा रक्त पातळ करणारी गोळी असेल तर सर्जनना आधी सांगा, गोळी आपल्या मनाने थांबवू नका.

आता सासूबाईंना काय सांगाल. दातांची आणि डोळ्याभोवतीची संवेदना एकाच मोठ्या नसेच्या वेगवेगळ्या फांद्यांमधून जाते, म्हणून दाढ दुखली की कानशील आणि डोळ्यामागे ठणकतं. जुन्या लोकांचा तो अनुभव खराच आहे. पण दृष्टीची नस पूर्ण वेगळी, ती डोळ्याच्या मागून सरळ मेंदूत जाते. दाढ काढल्याने नजर कमी होत नाही. आणि बहुतेक लोक ज्या वयात दाढा काढतात त्याच वयात चष्मा लागतो, मोतीबिंदू येतो, त्यामुळे तसं वाटत आलं आहे.

मुंबईचं नायर, बांबोळीचं गोवा डेंटल कॉलेज, इकडे खेडचं योगिता डेंटल कॉलेज, तिन्हीकडे या कामाचे स्वतंत्र विभाग आहेत. कणकवलीत येणारे सर्जन एमडीएस (दंतवैद्यकाची पदव्युत्तर पदवी), ओरल सर्जरीचे असतील तर ते हेच काम करतात. वर खाडीकाठ यांनी लिहिलेला मुद्दा मला पूर्ण पटतो. फक्त एक विचारून घ्या: सर्जन नसतील त्या दिवशी काही झालं तर दवाखान्यात कोण बघेल?

बुवा_पखवाजासह

ताई, मी भजनं म्हणतो. सिंधुदुर्गात कुठे ना कुठे भजनाची बारी असतेच. माझी दाढ काढली तेव्हा डाव्या बाजूचा ओठ खरंच बधिर झाला होता. तुम्हाला कसं वाटतं ते सांगतो. दवाखान्यातलं इंजेक्शन अर्धवट उतरल्यासारखं, पण ते उतरतच नाही. दाढी करताना वस्तरा लागतोय की नाही कळायचं नाही. चहा ओठाला पोळला तरी नंतर समजायचं, म्हणून बायको चहा गार करून द्यायची. जेवताना शीत हनुवटीला लागलेलं कळत नसे, रुमाल जवळ ठेवायचो.

पण गाणं बंद झालं नाही. आलाप, शब्द, गजर सगळं झालं. समोर बसलेल्या कुणालाही फरक कळला नाही, मी विचारून बघितलं. काही आठवड्यांनी मुंग्या यायला लागल्या, डॉक्टर म्हणाले हे चांगलं लक्षण आहे. मुंग्या हनुवटीकडून हळूहळू ओसरत गेल्या आणि पुढच्या पावसाळ्याच्या आत सगळं पूर्ववत झालं. तुमची मुलं तुमच्या ओठांकडे बघून शिकतील, काळजी करू नका.

सड्यावरची

सगळ्यांचे मनापासून आभार. बुवा, तुमचं लिहिणं मिस्टरांना वाचून दाखवलं. डॉक्टर, डोळ्यांचं मी सासूबाईंना तुमच्याच शब्दांत सांगितलं. "ठणका डोळ्यापर्यंत जातो ते खरं" हे ऐकल्यावर त्या ऐकायला तयार झाल्या.

कणकवली नक्की केलं. सर्जन एमडीएस आहेत, दवाखान्यातल्या कायमच्या डॉक्टर मधल्या दिवसांत बघतील असं बोलून घेतलं. आधी स्कॅन, मग सुट्टी लागली की लगेच दाढ, आणि टाके निघेपर्यंत मी कणकवलीला मावशीकडे राहणार. आता एकच राहिलं. त्याच बाजूची वरची अक्कलदाढ सरळ आहे, पण ती खाली उतरून सुजलेल्या हिरडीवर चावायची. तीही काढायला सांगितली तर काढू का?

दातांचा डॉक्टर, चिपळूण

खालची गेली की वरच्या दाढेला चावायला समोर काही उरत नाही. ती आणखी खाली उतरू शकते, गालाला घासते, आणि इतक्या मागे ब्रश नीट पोचत नाही. वरच्या सरळ दाढा साधारण लवकर आणि कमी त्रासात निघतात. फक्त तिची मुळं वरच्या सायनसच्या, म्हणजे गालाच्या हाडातल्या पोकळीच्या जवळ असतात, म्हणून स्कॅनमध्ये तीही बघायला सांगा. सर्जननी सुचवलं तर एकाच बाजूच्या दोन्ही एकाच बैठकीत काढून घ्या, दुसऱ्या बाजूने जेवता येईल. डावीकडच्या शांत असतील तर त्यांना हात लावू नका, वर्षातून एकदा दाखवत राहा.