ट्यूब नाही तर टोन नाही, हे कुणी ठरवलं?

सातपूरचा_सोल्डर
बारावीतल्या एका मुलाने काल इथे विचारलं होतं की दहा हजारांत कुठला गिटार ॲम्प घेऊ. त्याला ‘ईएल३४’ यांनी उत्तर दिलं: ‘सॉलिड स्टेट, म्हणजे ट्रान्झिस्टरवाला ॲम्प, हे खेळणं. ट्रान्झिस्टरमधून ट्यूबचा आवाज कधीच निघणार नाही, आणि ज्याला हा फरक ऐकू येत नाही त्याने टोनवर बोलू नये.’ वाचून डोकं तापलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

ट्यूबचे (काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारे) आणि ट्रान्झिस्टरचे, दोन्ही प्रकारचे ॲम्प मी उघडतो आणि दुरुस्त करतो. ट्यूबमध्ये जादू नाही, त्यातल्या प्रत्येक गोष्टीला कारण आहे. पॉवर स्टेज (स्पीकरला ताकद देणारा भाग) ताणली की वेव्हची टोकं एकदम छाटली जात नाहीत, दबत जातात. जोरात स्ट्रोक मारला की पॉवर सप्लायचं व्होल्टेज क्षणभर बसतं, रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा भाग) ट्यूबचा असेल तर जास्तच, आणि नोट आधी दबून मग फुलते. आणि ज्यावर कुणीच बोलत नाही तो आउटपुट इम्पीडन्स (इम्पीडन्स म्हणजे एसी करंटला होणारा अडथळा). तुमचा ८ ओहमचा स्पीकर सगळीकडे ८ ओहम नसतो. खाली रेझोनन्सपाशी त्याचा इम्पीडन्स उसळतो, वर ट्रेबलकडे पुन्हा चढतो. ट्यूब ॲम्पचा आउटपुट इम्पीडन्स मोठा, त्यामुळे या दोन्ही जागी आवाज आपोआप उचलला जातो. नेहमीचा ट्रान्झिस्टर ॲम्प स्पीकरला घट्ट धरून ठेवतो, म्हणून तेच कॅबिनेट (स्पीकरची पेटी) सपाट वाटतं. आता स्पीकरच्या मागे एक छोटा रेझिस्टर टाकून करंट फीडबॅक घ्या (स्पीकरमधल्या करंटची खबर ॲम्पला परत द्या), ट्रान्झिस्टरही तसाच वागायला लागतो. मार्शलच्या व्हॉल्व्हस्टेटमध्ये हेच केलेलं आहे. ‘डेथ’ या मेटल बँडचा चक शुल्डिनर त्यातल्या ८१०० वर वाजवायचा.

बदनामीची सुरुवात १९६६ मध्ये झाली. फेंडरने तेव्हा ट्रान्झिस्टर ॲम्प काढले, ते ऐकायला कोरडे होते आणि टिकायचेही नाहीत. पण त्या पिढीच्या पापासाठी आजच्या सर्किटला किती वर्षं शिक्षा द्यायची? रोलंडचा ट्रान्झिस्टरवाला जेसी-१२० हा १९७५ पासून चालू आहे. ब्लूजवाले बी. बी. किंग लॅब सिरीज एल५ या सॉलिड स्टेट ॲम्पवर वाजवायचे. ‘पँटेरा’ या मेटल बँडचा डायमबॅग डॅरेल रँडलच्या सॉलिड स्टेटवर. या लोकांनीही टोनवर बोलायचं नाही का?

ईएल३४
दादा, माझं नाव घेऊन धागा काढलात, तर उत्तरही पूर्ण घ्या.

तुमची यादी नीट बघा. जेसी-१२० क्लीन (न फाटलेल्या) आवाजासाठी, त्याच्या स्वतःच्या डिस्टॉर्शनचं कौतुक मी आजवर कुणाकडून ऐकलेलं नाही. किंग यांचा आवाज बहुतेक क्लीनच. आणि डायमबॅगला करवतीसारखा कडक आवाजच हवा होता, त्याने ट्यूबची नक्कल करायला रँडल घेतला नव्हता. म्हणजे एक टोक क्लीन, दुसरं टोक फुल गेन (पूर्ण फाटलेला आवाज). मधलं कुठे आहे? नोट फुटू की नको अशा काठावर असते, हलक्या हाताने वाजवलं तर स्वच्छ आणि जोर लावला तर गुरगुरते, ती जागा. मार्शलचा जेसीएम८०० हा ट्यूब ॲम्प तापवून घ्या, गिटारचा व्हॉल्यूम दहावरून सहावर आणा आणि काय होतं ते ऐका. पेडलला हात लावावा लागत नाही. मखमलाबाद रोडला मित्राकडे मी ते पहिल्यांदा अनुभवलं आणि घरी येऊन माझा ट्रान्झिस्टर कॉम्बो विकायला काढला. तुमचं गणित कागदावर बरोबर असेल, माझी बोटं कागद वाचत नाहीत.

कॉलेजरोड_रिफ
ती मधली जागा आता मॉडेलरमध्ये (ॲम्पच्या आवाजाची डिजिटल नक्कल करणाऱ्या यंत्रात) मिळते. फेंडरने २०१९ मध्ये स्वतःच टोन मास्टर ट्विन काढला. आत एकही ट्यूब नाही, डिजिटल मॉडेल आणि २०० वॉटचा क्लास डी (ट्रान्झिस्टरचाच) पॉवर ॲम्प, आणि वजन मूळ ट्विन रिव्हर्बच्या जवळपास निम्मं. ज्यांनी तो आवाज जन्माला घातला तेच म्हणतायत की ट्यूबशिवाय होतं.

आणि नाशिकमध्ये ट्यूब ॲम्प सांभाळणं काय असतं ते लिहा ना. नवीन मॅच्ड पेअर (सारख्या मापाच्या दोन ट्यूब) हवा तर मुंबईचा लॅमिंग्टन रोड गाठा, नाहीतर बाहेरून मागवून कस्टम्स भरा. जगात ट्यूब बनवणारे कारखाने उरलेत ते मुख्यतः रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमध्ये. २०२२ मध्ये रशियाकडून पुरवठा अडकला तेव्हा भाव कसे चढले ते सगळ्यांनी पाहिलं. माझ्या मामांनी अमेरिकेहून आणलेलं १२० व्होल्टचं हेड (स्पीकर नसलेला ॲम्प) व्होल्टेज कमी करणाऱ्या स्टेप-डाउनवर लावलं. तिकडचे ६० हर्ट्झ, आपले ५०, त्यामुळे ॲम्पच्या ट्रान्सफॉर्मरवर हात ठेववत नव्हता.

ईएल३४
मॉडेलर डिजिटल आहे. वाद ट्रान्झिस्टरचा चालू आहे. विषय बदलू नका.

पंचवटी_साउंड
विषय मी बदलतो. गणपतीत, गॅदरिंगला मी मिक्सरवर बसतो. गिटारवाला ॲम्प जमिनीवर ठेवतो, स्वतः त्याच्या पुढे उभा राहतो. आवाज त्याच्या पोटऱ्यांना लागतो, कानाला नाही. मग म्हणतो ऐकू येत नाही, आणि वाढवतो. पहिल्या दोन रांगांचे कान फाटतात, गायिकेच्या माइकमध्ये गिटार शिरते, शिव्या मला. दहाला भोंगे बंद करायचे असतात आणि साडेनऊपर्यंत तुमचं ट्यूब ‘तापतंय’. लोकांना आत ट्यूब आहे की बटाटा, काही कळत नाही.

नाशिकरोडचे_काका
कळत नाही कारण तुम्ही कळू देत नाही! उभं आयुष्य ऑर्केस्ट्रात गिटार वाजवली. साउंडवाला येतो, हातात एक वायर देतो आणि म्हणतो, ‘काका, डायरेक्ट द्या.’ डिस्टॉर्शन पेडलमधून थेट मिक्सरला! गिटारचा स्पीकर पाच हजार हर्ट्झच्या वर जवळजवळ काही सोडत नाही, तोच सगळा किरकिराट गाळतो. तुमचे टॉप (मंडपातले मोठे स्पीकर) वरपर्यंत सगळं वाजवतात. मग गिटार डासासारखी वाजते आणि मंडळाचा कार्यकर्ता मला येऊन सांगतो, ‘तुमचं यंत्र बिघडलंय वाटतं.’ कॅबिनेटपुढे एक एसएम५७ माइक लावायला काय जातं तुमचं?

पंचवटी_साउंड
काका, मान ठेवून सांगतो, माइक लावायला स्टँड लागतो, चॅनल लागतो, साउंडचेकला वेळ लागतो. मंडळ चार वाजता बोलावतं आणि सहापर्यंत मांडवात झालरी लावत असतं. शेजारी ढोल पथकाची तयारी. नाशिक ढोल सुरू झाल्यावर कसला साउंडचेक करू? पैसे विचारले तर म्हणतात, डीजेवाला यापेक्षा कमी घेतो.

नाशिकरोडचे_काका
हे मात्र खरं बोललात. डीजेने आमची पोटं मारली, तुमचीही मारणार. पण गिटारला चॅनल नाही आणि अँकरला दोन माइक, हे मी स्वतः पाहिलंय. ते मंडळाने सांगितलं नव्हतं, तुम्ही लोकांनी केलं होतं.

पंचवटी_साउंड
मी नाही केलं. सगळ्या साउंडवाल्यांना एका माळेत ओवू नका.

कॉलेजरोड_रिफ
म्हणूनच मी कॅबिनेट सिम्युलेशन (स्पीकरच्या पेटीची डिजिटल नक्कल) असलेलं युनिट नेतो. एक वायर, दोघंही खूश.

सातपूरचा_सोल्डर
काका, तुमची तक्रार माझ्याच बाजूची आहे. पेडल तेच, गिटार तीच, फक्त मधला स्पीकर गेला आणि आवाजाची माती झाली. म्हणजे ज्याला आपण टोन म्हणतो त्यात स्पीकर आणि माइकचा वाटा केवढा मोठा! लोक साडेसहा इंची स्पीकरचा सराव-ॲम्प आणि ४×१२ (बारा इंची चार स्पीकर) वरचं ट्यूब हेड शेजारी ठेवतात आणि दोष ट्रान्झिस्टरला देतात.

ईएल३४
स्पीकरचं मान्य. क्लीनचंही मान्य, ते मी कधी नाकारलं नव्हतं. आणि त्या मुलाला उत्तर देताना भाषा सौम्य हवी होती असं दोघांनी मेसेज करून सांगितलं, तर घ्या: दहा हजारांत ट्यूबच्या मागे लागू नको, मोठा स्पीकर असलेला सॉलिड स्टेट घे, आणि ट्यूब ॲम्प कधीही स्वतः उघडू नको. आत ४०० व्होल्टच्या वर असतात आणि प्लग काढल्यावरही कॅपॅसिटर धरून बसतात.

पण क्रंचवर, म्हणजे त्या मधल्या जागेवर, मी हटणार नाही. ऐकवा आणि मग बोला.

सातपूरचा_सोल्डर
या रविवारी. कॅबिनेट एकच, माझं २×१२. तुम्ही हेड आणा. पडदा लावू, वाजवणार काका. आवाज मीटरने सारखा लावायचा, कारण किंचित मोठा असेल तो प्रत्येकाला ‘जिवंत’ वाटतो.

ईएल३४
ऐकणाऱ्यांसाठी पडदा ठीक, पण वाजवणाऱ्यालाही कुठला चालू आहे ते कळता कामा नये, आणि त्याचं मत वेगळं लिहायचं. गिटारचा व्हॉल्यूम खाली-वर करून तपासायचं, नुसता फुल गेन नाही. आणि तुमचा ॲम्प दुकानातून आला तसा हवा. करंट फीडबॅकचं मॉड (सर्किटमधला बदल) केलेला चालणार नाही.

सातपूरचा_सोल्डर
पहिल्या दोन अटी मान्य. तिसरी अजिबात नाही. ट्रान्झिस्टर बरोबरी करू शकतो का, हा वाद आहे. दुकानात काय विकतात हा नाही. मी मॉड केलेलाच आणणार, आणि सर्किटचा कागद सोबत आणणार.