मुलगा वयाच्या मानानं फारच समजूतदार झालाय, काळजी करावी का?

कोयनाकाठ:
मी एसटीत वाहक आहे, कराड तालुक्यात राहते. मुलगा चौथीत आहे. नवऱ्याचं पिणं आणि त्यावरून रोजची भांडणं, याला कंटाळून परस्पर संमतीनं घटस्फोट घेतला. माझी आई आमच्याकडेच असते, म्हणून मला मुक्कामी गाडी करता येते.

मध्यंतरी शाळेतून बोलावणं आलं. यानं वर्गातल्या एका मुलाला मारलं होतं. बाई म्हणाल्या, “घरात बापाचा धाक नाही ना, मग असंच होणार.” तो मुलगा याला ‘तुझी आई रात्री घरी नसते’ म्हणाला होता, हे मला नंतर दुसऱ्या पोरांकडून कळलं.

घरी मात्र हा अगदी उलट. झोपायच्या आधी गॅसचा कॉक बघतो, दाराची कडी तपासतो. “आई, पगार झाला का?” असं विचारतो. सहलीचे पैसे त्यानं मागितलेच नाहीत, घरी चिठ्ठीसुद्धा दाखवली नाही. मी मुक्कामाला असले की आजीला उठवून विचारतो, गाडी पोचली असेल का. घटस्फोट झाला तेव्हा माझ्या भावानं त्याला जवळ घेऊन सांगितलं होतं, “आता घरातला पुरुष तूच. आईला सांभाळायचं.” बघेल तो कौतुक करतो, किती शहाणं पोर म्हणून.

आता नातेवाइकांचं एकच चाललंय, पोरासाठी तरी परत नांदायला जा. वडील घरात नसले की मुलाच्या मनावर कायमचा परिणाम होतो का? ज्यांना माहिती आहे त्यांनी खरं काय ते सांगा, धीर देण्यापुरतं नको.

मेणवली:
ताई, मी शाळांमधून मुलांचं समुपदेशन करते. खरं विचारलंत म्हणून खरंच सांगते.

परिणाम होतो, पण तुमच्या बाई म्हणतात तसा नाही. अमेरिकेत मेव्हिस हेदरिंग्टन या मानसशास्त्रज्ञांनी सुमारे १४०० कुटुंबं अभ्यासली, त्यातल्या काहींचा मागोवा तीस वर्षांपर्यंत घेतला. २००२ साली त्यांनी निष्कर्ष मांडले. आईवडील एकत्र असलेल्या मुलांपैकी साधारण १० टक्क्यांना गंभीर भावनिक किंवा वागण्याच्या अडचणी होत्या, घटस्फोट झालेल्या घरांत हे प्रमाण २५ टक्के होतं. म्हणजे धोका वाढतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण चारातली तीन मुलं धड वाढतात, हेही त्याच आकड्यात आहे.

धोका वाढतो तो कशानं? घरातली भांडणं, अचानक घटलेलं उत्पन्न, घर आणि शाळा बदलणं, आईचं स्वतःचं खचणं, अशा गोष्टी घटस्फोटासोबत येतात. ब्रिटनमध्ये सुझन गोलोम्बोक या मानसशास्त्रज्ञांनी स्वतः ठरवून एकटीनं आई झालेल्या स्त्रियांची मुलं पाहिली. त्या मुलांनी भांडणंही पाहिलेली नव्हती आणि कुणाचं घर सोडून जाणंही. ती दोन पालकांच्या घरातल्या मुलांसारखीच वाढत होती. म्हणून दारू आणि भांडणं तशीच असतील, तर ‘पोरासाठी’ परत जाण्यात पोराचं काहीच भलं नाही.

आता मला जे खरं खटकलं ते. मारामारीपेक्षा मला तो गॅसचा कॉक आणि ती न दाखवलेली चिठ्ठी जास्त काळजीची वाटते. हे शहाणपण नाही ताई, ही धास्ती आहे. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला वाटतंय की आपण जागे राहिलो नाही तर घर पडेल. अशा मुलांचा कुणाला त्रास होत नाही, म्हणून ती कुणाच्या नजरेत येत नाहीत.

त्याला कामातून मोकळं करा, पण कोरडं ‘तू काळजी करू नको’ म्हणून नाही. कडी आजी लावणार, कॉक आजी बघणार, हे त्याच्यासमोर ठरवा. आठवड्याची ड्युटी कॅलेंडरवर लिहा, मुक्कामाच्या गावाचं नाव टाका, गाडी पोचली की घरी फोन करा. पगाराचं विचारलं तर “झाला, पुरतो, हिशोब मी बघते” एवढंच. आणि ज्या भावानं ते वाक्य सांगितलं, त्यानंच ते परत घ्यावं. तुम्ही शंभरदा सांगून जे होणार नाही, ते मामानं एकदा सांगून होईल.

वावरातला:
ताई, मी यवतमाळ जिल्ह्यातला. बाप गेला तेव्हा मी सहावीत होतो. कर्ज होतं, कारण लिहीत नाही, आमच्याकडे समजून घेतात. दहाव्याला डोकं भादरलेलं असताना एकामागून एक माणूस येऊन सांगे, “आता घराचा कर्ता तू.” दोन लहान बहिणी होत्या. मी खेळायला जाणं सोडलं. माय रात्री रडे, मी जागा राहून ऐकत राहायचो, कारण मला वाटे की मी झोपलो तर तीही जाईल.

मला त्यातून काढलं आमच्या पीटीच्या सरांनी. त्यांनी समजूत वगैरे काही घातली नाही. मायला घरी येऊन सांगितलं, “पोराला संध्याकाळी खो-खोला पाठवा, तेवढा वेळ तो माझा.” माय पाठवू लागली. मैदानावर मला कुणी कर्ता म्हणत नव्हतं.

एक कामाचं सांगतो. राज्य सरकारची बाल संगोपन योजना आहे, एकल पालकांच्या मुलांना महिन्याला २२५० रुपये मिळतात. विधवांसाठीच आहे असं आमच्या गावात समजतात, पण घटस्फोटित आईच्या मुलांनाही अर्ज करता येतो. जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्याच्या कार्यालयात विचारा.

दोन_शहरं:
मी घटस्फोटित बाप आहे, मुलगी तिच्या आईकडे असते. धाक-बिक सोडा, पण वडिलांशी संबंध तोडू नका एवढी विनंती. भेटीच्या ठरलेल्या रविवारची मुलगी वाट बघते आणि मीही बघतो.

मेणवली:
दादा, बरोबर आहे, पण एक अट घालते. बाप शुद्धीवर असेल आणि सांगितलेल्या वेळी येत असेल तरच. येतो म्हणून न येणारा बाप मुलाला दर वेळी नव्यानं तोडतो. भेट छोटी आणि ठरलेली असू द्या, शक्यतो तिसऱ्या माणसासमोर. आणि वडिलांबद्दल घरात वाईट बोलायचं नाही, आजीनंसुद्धा.

वावरातल्या दादांच्या सरांवरून सांगते. हवाईच्या काउआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर या मानसशास्त्रज्ञांनी कित्येक वर्षं मागोवा घेतला. खडतर परिस्थितीतली साधारण एक तृतीयांश मुलं उत्तम निघाली. त्यांच्या आयुष्यात बहुतेकदा निदान एक तरी भरवशाचं मोठं माणूस होतं, आणि ते आईवडीलच असायला हवं असं नव्हतं.

कोयनाकाठ:
सगळ्यांचे आभार. भावाशी बोलले. आधी चिडला, “मी चांगल्यासाठीच बोललो होतो” म्हणाला. मग रविवारी आला आणि पोराला नदीवर घेऊन गेला. काय बोलला ते मी विचारलं नाही. ड्युटीचं कॅलेंडर लावलंय. कॉक अजून बघतोच, पण आजीला विचारून. तरी झोप लागत नाही, भूकही कमी झालीय. हे किती दिवस बघायचं?

मेणवली:
दोनतीन आठवड्यांत फरक दिसला नाही, किंवा शाळेत जायला नको म्हणू लागला, पोटात दुखतं म्हणू लागला, तर थांबू नका. साताऱ्याला जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागात दाखवा. त्याआधी घरून बोलायचं असेल तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. तुम्ही स्वतःसाठीही करा, मुक्कामाला असताना रात्री केला तरी चालतो.

आणि सहलीचे पैसे भरले का?

कोयनाकाठ:
भरले. पन्हाळ्याला चाललेत.